२१, २५ की ३२? बेळगाव-खानापूरच्या हवेत टिकणारी छोटी दुर्बीण

यल्लम्माच्या यात्रेत, बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत '३०×६०' छापलेली हिरवट दुर्बीण हमखास दिसते. खाली 'डे अँड नाइट व्हिजन' आणि पुढच्या काचा कुंकवासारख्या लाल. हातात आलीच तर आधी पुढच्या काचेला फूटपट्टी लावा. ६० म्हणजे ६० मिलिमीटर, सहा सेंटिमीटर. ही काच बहुधा तीन सेंटिमीटरही भरत नाही. ३० पटीचा दावाही तिथंच उभ्याउभ्या तपासता येतो. समोरच्या मंगळुरी कौलांच्या छपराकडे एका डोळ्यानं दुर्बिणीतून बघा आणि दुसरा डोळा उघडाच ठेवा. दोन्ही चित्रं एकावर एक येतात. दुर्बिणीतल्या एका कौलाच्या उंचीत उघड्या डोळ्याला दिसणारी किती कौलं बसतात ते मोजा. आठ-नऊ बसली तर दुर्बीण आठ-नऊ पटीची. खरोखर ३० पटीची असती तर ती हातात धरून काहीच दिसलं नसतं, कारण एवढ्या पटीला हाताचा कापही ३० पटीनं दिसतो.

लाल काचेचं म्हणाल तर तो थर लाल प्रकाश बाहेरच परतवतो. साध्या भिंगात सगळे रंग एका जागी येत नाहीत, कडेला रंगाची झालर दिसते. त्यातला एक रंगच हाकलून द्यायचा, म्हणजे झालर कमी वाटते, अशी ही शक्कल. बदल्यात सगळं चित्र हिरवट-निळसर होतं. तांबट आणि पोपट तिच्यातून सारख्याच रंगाचे दिसतील. असली दुर्बीण मुलाला खेळायला द्या, पक्षी बघायला नको.

आता कामाच्या दुर्बिणींकडे येऊ. ८×२५ मधला ८ हा पट: १६० मीटरवरचा बगळा २० मीटरवर असल्यासारखा दिसतो. २५ हा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याकडच्या काचेतून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ८×२१ चा २.६ मिमी, १०×२५ चा २.५, ८×२५ चा ३.१, ८×३२ चा ४, ८×४२ चा सव्वापाच. भर दुपारी आपली बाहुली दोन-अडीच मिलिमीटरवर येते, म्हणून दुपारी सगळ्याच दुर्बिणी उजळ वाटतात. दुकानदार दुर्बीण दाखवतो ती भर दुपारी, दुकानाच्या दारात. तिथं २१ आणि ३२ मध्ये फरक दिसत नाही, आणि गिऱ्हाईक स्वस्तातली घेऊन जातं.

फरक दिसतो तो जांबोटीच्या पुढं, झाडीत. सकाळी साडेसहाला भीमगडच्या बाजूला, किंवा ढगाळ दिवशी कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर पानांखाली इतका कमी उजेड असतो की बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडलेली असते आणि दुर्बीण अडीचच देते. पक्षी दिसतो, पण काळ्या कागदाच्या कात्रणासारखा. काचेचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळं २१ वरून २५ वर गेलं की सुमारे ४० टक्के आणि २५ वरून ३२ वर गेलं की ६४ टक्के जास्त प्रकाश येतो. ह्या पट्ट्यात दुर्बीण निवडताना पहिला विचार ह्या प्रकाशाचा करावा आणि दुसरा ओलाव्याचा. पट तिसरा, आणि तो ८ च ठेवावा.

१०×२१ आणि १०×२५ ह्या दुर्बिणी बऱ्याच खपतात, कारण १० हा आकडा ८ पेक्षा मोठा. खिशातल्या दोन-तीनशे ग्रॅमच्या दुर्बिणीला हातात ठेहराव नसतो, वजनच नाही ना. त्यात पट वाढला की थरथर वाढते, दृष्टिक्षेत्र आखडतं आणि प्रकाशही कमी होतो. धुपदाळच्या बंधाऱ्यावर, म्हणजे घटप्रभा पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात लांबवर बसलेले करकोचे बघायला १० पट बरी वाटेल खरी. पण सकाळी दहानंतर पाण्यावरची तापलेली हवा थरथरायला लागते आणि वाढलेला पट त्यातच वाया जातो. बंधाऱ्याच्या कठड्यावर कोपर टेकून धरलेली ८ पटीची दुर्बीण हातात मोकळ्या धरलेल्या १० पेक्षा जास्त तपशील दाखवते.

आता एकेक दुर्बीण.

निकॉन ॲक्युलॉन टी०१, ८×२१. वजन १९५ ग्रॅम, दुहेरी बिजागरीमुळं दुमडून शर्टाच्या खिशात मावते. दृष्टिक्षेत्र ६.३ अंश, म्हणजे हजार मीटरवर साधारण ११० मीटर रुंदीचा पट्टा. जवळात जवळ ३ मीटरवर फोकस होते. मधलं चित्र एवढ्या किमतीला स्वच्छ आहे, रंग खरे आहेत. कडेचा साधारण तिसरा हिस्सा मऊ पडतो, तो सोडून द्यायचा. दुखणी दोन. आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा जास्तीत जास्त किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १०.३ मिमी, त्यामुळं चष्मा लावून बघणाऱ्याला मधलं वर्तुळ तेवढं दिसतं. आणि ही जलरोधक नाही. बेळगाव शहरात, किल्ल्याच्या तलावाकाठी, राजहंसगडावरून खाली बघायला, प्रवासात पिशवीत टाकायला उत्तम. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात न्यायची नाही. हिचीच १०×२१ बहीण आहे, तिचं दृष्टिक्षेत्र ५ अंशांवर येतं आणि आय रिलीफ ८.३ वर. ती घेऊ नका.

निकॉन स्पोर्टस्टार ईएक्स, ८×२५. वजन ३०० ग्रॅम, हीसुद्धा दुहेरी बिजागरीची. हिचा मोठा गुण ८.२ अंशांचं दृष्टिक्षेत्र. आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण हिशोब करून बघा. वीस मीटरवरच्या झाडात टी०१ सव्वादोन मीटरचा तुकडा दाखवते, १०×२१ पावणेदोन मीटरचा आणि ही जवळजवळ तीन मीटरचा. फांदीफांदीवर उड्या मारणारा नाचरा किंवा स्वर्गीय नर्तक शोधताना हाच फरक कामाचा. छोट्या दुर्बिणीत 'पक्षी सापडतच नाही' ही नवख्यांची पहिली तक्रार असते. दोष त्यांच्या डोळ्याचा नसतो, अरुंद दृष्टिक्षेत्राचा असतो. आत नायट्रोजन भरलेला, जोडांना रबरी कडी, त्यामुळं पावसाची सर आली तरी काळजी नाही आणि आतून धुकं धरत नाही. फोकस अडीच मीटरपासून. चष्मेवाल्यांसाठी मात्र हीसुद्धा वाईट, आय रिलीफ १० मिमीच.

चष्मा असेल तर त्याच कंपनीची ट्रॅव्हलाइट ईएक्स ८×२५ बघा. नावं सारखी वाटतात, ऑनलाइन मागवताना घोटाळा होतो. दुर्बिणी वेगळ्या आहेत. ट्रॅव्हलाइट उलट्या पोरो रचनेची, म्हणजे पुढच्या काचा आयपीसपेक्षा एकमेकींच्या जवळ. जरा ठोकळेबाज, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, दुमडून फार लहान होत नाही. पण आय रिलीफ १५ मिमीच्या वर, आणि हीसुद्धा जलरोधक. दृष्टिक्षेत्र ६.३ अंशांचं, स्पोर्टस्टारपेक्षा अरुंद. तेवढी किंमत चष्म्यापायी मोजायची.

पोरो आणि रूफ ह्यांतला फरक इथंच सांगून टाकतो. बाक असलेल्या नळ्यांची दुर्बीण ती पोरो, सरळ नळ्यांची ती रूफ. रूफच्या प्रिझममध्ये, म्हणजे चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या लोलकात, प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा जुळतात, त्यांची लय चुकते आणि बारीक तपशील किंचित पुसट होतो. त्यावर फेज कोटिंग नावाचा थर देतात, तो महाग. शिवाय नेहमीच्या रूफ प्रिझमच्या एका बाजूला आरशासारखा मुलामा द्यावा लागतो, तिथंही थोडा प्रकाश गळतो. पोरोमध्ये ह्या दोन्ही भानगडी नाहीत. म्हणून कमी किमतीत पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या रूफला बहुतेक वेळा भारी पडते. 'जाड दिसते, जुन्या वळणाची वाटते' म्हणून लोक ती खाली ठेवतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स, ८×३२. अर्ध्या किलोच्या घरात वजन, म्हणजे खिशातली राहिली नाही, गळ्यातली झाली. पण फेज कोटिंग असलेलं बीएके-४ ह्या चांगल्या काचेचं प्रिझम, ७.४ अंशांचं दृष्टिक्षेत्र, दोन मीटरपासून फोकस, साडेसतरा मिमी आय रिलीफ आणि जलरोधक बांधणी हे सगळं ह्या किमतीत एका जागी सहसा मिळत नाही. खानापूर, जांबोटी, दांडेलीकडं महिन्यातून दोनदा जाणाऱ्यानं हीच घ्यावी. गणेशगुडीच्या झाडीत संध्याकाळी धनेश फळं खायला उतरतो तेव्हा चोचीवरचं शिंग पिवळं आहे की काळं-पिवळं, हे २५ मध्ये अंदाजानं सांगावं लागतं आणि ३२ मध्ये दिसतं. शेताच्या कडेला तिन्हीसांजेला गवा आलाय की कुणाची म्हैस सुटलीय, हे बांधावर जाण्याआधी बघणाऱ्यालाही हीच. खोट म्हणजे कडा मऊ आहेत, आणि पांढऱ्या आभाळापुढं तारेवर बसलेल्या कोतवालाच्या कडेला जांभळट रेघ दिसते. ह्याच मालिकेत ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या काचेची आवृत्ती आहे, तिच्यात ती रेघ बरीच कमी. फरकाची रक्कम मोठी असेल तर साधीच घ्या.

पेंटॅक्स पॅपिलिओ टू, ६.५×२१ ही वेगळ्याच कामाची. अर्ध्या मीटरवर फोकस होते. ५० सेंटिमीटर! फुलपाखराच्या पंखांवरचे खवले, चतुराचे डोळे, पानामागची मावा कीड, बुटाशेजारची मुंगी. सदर्न बर्डविंग कर्नाटकाचं राज्य-फुलपाखरू. घाणेरीच्या झुडपावर ते येतं तेव्हा पुढं सरकलं की उडतं. दीड मीटरवर थांबून ह्या दुर्बिणीतून बघा, हातात धरल्यासारखं दिसतं. जवळ फोकस करताना पुढची भिंगं आत एकमेकींकडं सरकतात, म्हणून दोन वर्तुळं फुटत नाहीत. बाकीच्या दुर्बिणी दोन मीटरच्या आत नेल्या तर डोळे तिरळे व्हायची पाळी. २९० ग्रॅम, दृष्टिक्षेत्र साडेसात अंश, आय रिलीफ १५ मिमी. जलरोधक नाही हीच अडचण, कारण फुलपाखरांचा मोसम म्हणजे पावसाचं शेपूट.

निकॉन ॲक्युलॉन ए२११, ८×४२ ह्या तुलनेत बसत नाही, ७५५ ग्रॅमची आहे. पण 'फक्त उजेड आणि चित्र हवं, ओझ्याचं काही नाही' असं म्हणणाऱ्यानं तिच्याकडं बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पोरो, ८ अंश, धुपदाळ किंवा हिडकलच्या पाण्याकाठी बसून बघायला ह्या किमतीत तिला तोड नाही. पाच मीटरच्या आत फोकस नाही, आणि पावसात उघडी ठेवायची नाही.

किमती सेलगणिक हलतात, म्हणून रुपयांऐवजी प्रमाण सांगतो. टी०१ चा त्या दिवशीचा भाव धरा. स्पोर्टस्टार त्याच्या दुपटीपर्यंत मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, तिपटीला गेली तर सरळ नेचर डीएक्सकडं वळा. नेचर डीएक्स तिपटीपर्यंत परवडते. पॅपिलिओ ही दुसरी दुर्बीण म्हणून घ्यायची. पहिली आणि एकुलती म्हणून फक्त फुलपाखरंवाल्यांनी.

आता घेताना करायच्या परीक्षा. दुकानात दहा मिनिटं लागतात. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायच्या मुदतीत घरीच करा. 'बघून घ्या की ओ, ब्रँडेडच हाय' म्हणणाऱ्याकडं हसून बघायचं आणि काम सुरू ठेवायचं.

पहिलं डायॉप्टर, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणं, कारण हे न जुळवता केलेली कुठलीच परीक्षा खरी नाही. ३०-४० मीटरवरच्या दुकानाची पाटी निवडा. वरची मोठी कन्नड अक्षरं सोपी पडतात. खाली बारीक मराठी ओळ असेल तर ती धरा. उजव्या बाजूची पुढची काच तळहातानं झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला अक्षर धारदार करा. आता डावी बाजू झाका. मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या आयपीसची कडी फिरवून तेच अक्षर धारदार करा. कडीवरची खूण कुठं आली ते लक्षात ठेवा. पिशवीत घासून कडी फिरते आणि मग 'दुर्बीण बिघडली' म्हणून लोक परत आणतात.

दुसरी परीक्षा दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ही. विजेची आडवी तार किंवा छपराचा आढा दोन्ही वर्तुळांत घ्या आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन वर्तुळं वेगळी होतात. तार एकातून दुसऱ्यात सलग गेली पाहिजे. एका वर्तुळात वर आणि दुसऱ्यात खाली दिसली तर ती दुर्बीण नको. मेंदू थोडा वेळ दोन चित्रं ओढूनताणून जुळवतो, म्हणून दुकानात ठीक वाटतं. घरी अर्ध्या तासानं कपाळ दुखायला लागतं. आडव्या दिशेतली किंचित चूक डोळे सोसतात, उभ्या दिशेतली अजिबात नाही. पडलेल्या दुर्बिणीला बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. घड्याळजीकडून उघडून घेऊ नका. जलरोधक असेल तर नायट्रोजनही गेला.

तिसरी परीक्षा प्रकाशाच्या ठिपक्याची. दुर्बीण हाताच्या अंतरावर उजळ आभाळाकडं धरा आणि आयपीसमध्ये बघा. ठिपका पूर्ण गोल आणि सारखा उजळ हवा. कडा कापून चौकोनी, राखाडी दिसत असतील तर प्रिझम हलक्या बीके-७ काचेचं आहे. ठिपका गोल आहे पण हिशोबापेक्षा लहान आहे, असंही होतं. ८×२१ चा ठिपका कागदावर पाडून मोजला आणि दोन मिलिमीटरच भरला, तर आत कुठंतरी कडी बसवून काचेची कड झाकली आहे. बाहेरची काच २१ ची, काम १६ चं.

काचेवरचा थर बघायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या काचेत घ्या. फिकी हिरवी किंवा जांभळी प्रतिबिंबं चांगली. दुधासारखं पांढरं, ठळक प्रतिबिंब दिसलं तर त्या पृष्ठावर थर नाही. बाकी फोकसचं चाक उलटं फिरवताना मोकळं जातं का, दोन्ही बिजागऱ्या आपल्या वजनानं मिटतात का, हे हातालाच कळतं. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीची पट्टी शोधा. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार ती लागतेच. नसेल तर माल आडवाटेनं आलाय, आणि भारतातली वॉरंटी विसरा.

एक सूचना जाता जाता. सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे आणि कॅम्प भाग लष्कराचा. तिकडं दुर्बीण गळ्यातच राहू द्या, डोळ्याला नको. भीमगडात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी.

आणि बुरशी. जून ते सप्टेंबर ह्या भागात घरातल्या भिंती घाम धरतात, चामड्याच्या चपला हिरव्या होतात. जे चपलेला होतं तेच काचेला. काचेवरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि त्यांचं आम्ल थर खातं. कंपनीनं दिलेली कापडी थैली प्रवासापुरती. तीत दुर्बीण कपाटात ठेवली की ओल धरलीच. रबराची कडी असलेला हवाबंद डबा घ्या, दुर्बीण त्यात उघडी ठेवा आणि सोबत शंभर ग्रॅम सिलिका जेल सुती कापडाच्या पुरचुंडीत. निळ्याचा गुलाबी किंवा नारिंगीचा हिरवा झाला की कोरड्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परता, पूर्ण निवल्यावरच डब्यात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. भिजून आल्यावर लगेच डब्यात कोंडायची नाही. पुसून एक रात्र पंख्याखाली, मग आत.

पुसणं म्हणजे टॉवेल किंवा ओढणी नव्हे. खानापूरकडची लाल धूळ बारीक खड्यांची असते, कोरडी घासली की थरावर ओरखडे कायमचे. आधी रबरी फुग्यानं फुंकर, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सच्या द्रवाचा एक थेंब मायक्रोफायबरवर, काचेवर नव्हे. जलरोधक दुर्बीण फार मळली असेल तर नळाच्या बारीक धारेखाली धुतली तरी चालते. टी०१, पॅपिलिओ आणि ए२११ ला हा प्रयोग करायचा नाही.

बुरशी बाहेरच्या काचेवर नुकती दिसली तर लेन्सच्या द्रवानं निघते. आत असेल तर टॉर्च पुढून मारून मागून बघा. धागे कडेला असतील तर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. वाढ थांबते आणि दुर्बीण आणखी काही वर्षं चालते. मध्यावर आले असतील आणि चित्र दुधाळ झालं असेल, तर ह्या किमतीच्या दुर्बिणीत साफसफाईची मजुरी नव्या टी०१ च्या आसपास जाते.